ट्रॅक्टरच्या ट्यूबवरचे मासे

किसनआप्पांच्या हातावर कुणी पेढा ठेवला की ते आधी विचारतात, "कोण गेलं?"

पेढा आनंदाचा असतो हे त्यांना ठाऊक नाही असं नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने बरेच पेढे खाल्लेले असतात. पण चांगली बातमी फार दिवस चांगली राहत नाही, असं त्यांचं पक्कं मत आहे, आणि ते मत पोटात ठेवायची त्यांना सवय नाही. समोरच्या घरातल्या मुलाला नोकरी लागली तेव्हा त्याची आई पेढे घेऊन आली. आप्पांनी विचारलं, "कुटं लागली?" ती म्हणाली, "हिंजवडीला. लई मोठी कंपनी हाय." आप्पांनी पेढा तोंडात टाकला, बोटं धोतराला पुसली आणि म्हणाले, "मोठ्याच आधी बंद पडत्यात. काय खरं न्हाई." ती माउली उरलेले पेढे पदराखाली झाकून घरी गेली.

मी त्यांचा भाडेकरू. कासार आंबोलीत, पौड रस्त्यापासून आत, भातखाचरांच्या कडेला त्यांचं घर आहे. पुढच्या भागात ते राहतात आणि मागे काढलेल्या खोल्या भाड्याने देतात. मी घोटावड्याच्या बाजूला एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो; बायको आणि मुलं बार्शीला. खोली बघायला गेलो तेव्हा बाकीचे घरमालक जे लपवतात ते आप्पांनी स्वतः होऊन दाखवलं.

"ही भिंत पावसाळ्यात वली होती. ह्या कोपऱ्यात मुंग्या. मोटर जळती. तुमच्या आधीचा भाडेकरू काविळीनं गेला."

मी दचकलो. "गेला म्हणजे?"

"गावाला गेला. पन काय खरं न्हाई त्याचं."

मी तिथल्या तिथे खोली घेतली. तोवर पाहिलेल्या सगळ्या खोल्यांचे मालक गोड बोलत होते आणि त्या गोड बोलण्याचा मला वीट आला होता. पुढे भिंतही ओली झाली, मुंग्याही निघाल्या, मोटरही जळली. कावीळ तेवढी अजून व्हायची आहे. आप्पा मला नावाने हाक मारत नाहीत. "ओ स्टोअर" म्हणतात आणि अधूनमधून माझ्या डोळ्यांच्या पिवळेपणाकडे निरखून बघतात.

आप्पांचं भाकीत खरं ठरलं की लोकांना त्यांचा राग येतो. गावात नवा रस्ता झाला, नारळ फुटला, त्या वेळी सगळ्यांदेखत ते म्हणाले, "पुढचा पावसाळा बगत न्हाई ह्यो." रस्त्याने आप्पांचा शब्द राखला. त्यांची एकुलती मुलगी महाळुंग्याला, आभाळाला टेकलेल्या इमारतीत राहते. तिच्याकडे एकदाच गेले. वर जाताना म्हणाले, "ही लिफ्ट अडकली म्हंजी?" उतरताना ती अडकली. तेव्हापासून मुलगी कितीही म्हणाली, "आप्पा, तुम्ही दोघं इकडेच या राहायला," तरी त्यांचं उत्तर एकच, "माणसानं पाय पोचतील तेवढ्याच उंचीवर ऱ्हावं." मुलगी सणाला येते, दोन डबे ठेवते आणि डोळे पुसत गाडीत बसते.

दोघं म्हणजे आप्पा आणि मंदाकाकी. काकींच्या अंगावरून वारं गेलं, त्याला आता काही पावसाळे झाले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्या पुढच्या खोलीत लोखंडी खाटेवर असतात. सकाळी एक बाई येऊन त्यांचं सगळं आवरून जाते, बाकी दिवसभर आप्पा. मी काकींचा आवाज कधी ऐकला नाही, त्या आवाजाच्या गोष्टी मात्र पुष्कळ ऐकल्या. शेतावरून आप्पांना जेवायला बोलवायचं तर काकी दारातच उभ्या राहून हाक मारायच्या, आणि त्या हाकेबरोबर तीन-चार घरचे पुरुष औत सोडून जेवायला निघायचे, असं गावातल्या बायका सांगतात.

आणि याच खोलीत, काकींच्या खाटेसमोरच्या भिंतीला, माशांची काचेची पेटी आहे.

या पेटीचा इतिहास असा. आप्पांनी विकलेल्या तुकड्यावर पुण्याच्या एका जोडप्याने बंगला बांधला होता. सुरुवातीला ते दर शनिवारी यायचे, मग महिन्याने, मग दाराला फक्त कुलूप उरलं. शेवटी त्यांनी बंगला विकला आणि जाताना पेटी आप्पांच्या गळ्यात मारली. आप्पांनी ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भाताच्या पेंढ्यात बसवून आणली, मासे दुधाच्या किटलीतून. दारात उतरवताना ते सगळ्यांना सांगत होते, "आणल्यात खरी, पन चार दिस बी काढायची न्हाईत."

माशांनी चार दिवस काढले, मग वर्ष काढलं, मग आणखी एक काढायला घेतलं. आप्पा रोज सकाळी त्यांना दाणे टाकताना त्यांचा निरोप घेत. "ह्यो तांबडा आज वाईच कलंडलाय. संध्याकाळ बगत न्हाई." तांबडा संध्याकाळी दाण्यांसाठी सगळ्यांत पुढे. एक काळपट मासा होता, तो दिवसभर काचेला तोंड लावून चिकटलेला असे. त्याला आप्पा 'तलाठी' म्हणत. जागा सोडत नाही आणि काम काय करतो ते दिसत नाही म्हणून. एकूणच माशांना ते भाडेकरू समजत, आणि आम्हा मागच्यांपेक्षा ते भाडेकरू त्यांना अधिक पसंत होते. "मोटर लावा, पानी सोडा, असं कायबी म्हनत न्हाईत."

अडचण एकच होती. त्या पेटीतल्या पाण्यात हवा सोडणारी एक बारकी मोटर होती आणि ती विजेवर चालायची. साचलेल्या पाण्यात हवा मिसळत राहिली नाही की मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात, आणि तसंच चाललं तर मरतात. आता मुळशीत पावसाळ्यात काय काय चालत नाही याची यादी करायची तर कपडे वाळत नाहीत, मीठ सुटं राहत नाही, माचीस पेटत नाही, आणि वीज तर नसतेच. ढग पौडच्या डोंगराआड असतात तोवरच आमची लाईट जाते. मला कधी कधी वाटतं, या भागात मासे पाळायचं मनात आणणाऱ्या माणसाला कुणीतरी खांद्याला धरून हलवायला हवं होतं.

लाईट गेली की आम्ही मेणबत्त्या शोधत असू. आप्पा खाचरातून चिखलाच्या पायांनी घराकडे धावत सुटत. सुरुवातीला त्यांचं हत्यार तांब्या होतं. पेटीतलं पाणी तांब्यात घ्यायचं आणि हात उंच करून धार पुन्हा पेटीत सोडायची. धारेबरोबर हवा पाण्यात जाते. संथपणे, न थांबता, तोंडाने काहीतरी पुटपुटत. एकदा मागच्या खोलीतल्या एका भाडेकरूची आई गावाहून आलेली होती. तिने दारातून हे पाहिलं, चपला काढल्या आणि हात जोडून उभी राहिली. तिला वाटलं अभिषेक चाललाय. आप्पांनी मान वळवून सांगितलं, "प्रसाद न्हाई. जावा."

मी म्हणालो, "आप्पा, इन्व्हर्टर का नाही घेत?"

"त्यो चार्ज कशावर होतो?"

"विजेवर."

"हितं वीज असती तर त्यो लागला कशाला असता?"

मग मी पुण्याहून सेलवर चालणारी हवेची मोटर आणून दिली. तिचे सेल आमच्या दमट हवेत फुगून फुटले. आप्पांनी ती मला परत दिली, माझी समजूत घालावी तशा आवाजात म्हणाले, "जाऊ द्या, स्टोअर. तुमी परयत्न केला."

मग त्यांनी स्वतःच तोडगा काढला, आणि तो पाहून मी दोन दिवस कारखान्यात प्रत्येकाला तेच सांगत होतो. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची जुनी ट्यूब होती. ती पंक्चरवाल्याकडे नेऊन गच्च हवा भरून आणली. तिच्या तोंडाला एक तोटी बसवून घेतली आणि तोटीला जोडली सलाईनची नळी. काकींच्या आजारपणात घरात त्या नळ्या साठल्या होत्या. सलाईनच्या नळीला एक बारकं चाक असतं. ते फिरवून थेंब कमी-जास्त करतात. आप्पांनी त्याच चाकाने हवा कमी-जास्त केली. नळीचं टोक पाण्यात सोडलं, चाक सैल केलं, आणि ट्यूबमधली हवा बुडबुड्या-बुडबुड्याने माशांना मिळू लागली. एकदा भरलेली ट्यूब रात्र काढायची आणि वर निम्मा दिवस. पुढच्या खोलीत खाट, पेटी आणि मधोमध म्हशीसारखी बसलेली काळी ट्यूब. येणाऱ्या-जाणाऱ्याला तिला वळसा घालून जावं लागे.

"हुशारी आहे हं, आप्पा," मी म्हणालो.

"रबर जुनं हाय," ते म्हणाले. "काय खरं न्हाई."

मला तेव्हा प्रश्न पडायचा की हा माणूस जर प्रत्येक गोष्टीचा शेवट आधीच बघून ठेवतो, तर या माशांसाठी एवढा जीव का काढतो? एकदा विचारलंसुद्धा. ते म्हणाले, "तळमळत्यात. बगवत न्हाई." मला ते पटलं. खाटेवर एक जीव पडलेला, घरात आणखी तळमळ कुणाला हवी असेल?

या वर्षी लावणी ऐन भरात असताना वारं सुटलं. आमच्या वरच्या अंगाला एक जुनं आंब्याचं झाड विजेच्या तारांवर पडलं आणि तारांनी ओळीने खांब खाली ओढले. काही खांब सरळ लावणीच्या चिखलात आडवे झाले. वायरमन आला, गुडघाभर चिखलात उभं राहून त्याने ते दृश्य पाहिलं आणि पक्कड पिशवीत टाकून तो परत निघाला. त्यावरून आम्ही काय ते समजलो. "आठवडा तरी न्हाई येत," आप्पा म्हणाले. नेहमी हे सांगताना त्यांच्या आवाजात एक बारीकसं समाधान असायचं. या वेळी ते नव्हतं.

पहिले काही दिवस ट्यूबने निभावलं. आप्पा ती ट्रॅक्टरवर टाकून पौड रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे न्यायचे. त्याच्याकडे डिझेलवर हवा भरायची सोय होती. मग त्या वाटेवरचा ओढा चढला. पुलावरून पाणी जायला लागलं आणि आम्ही अलीकडे अडकलो. कारखान्यात जाता येईना, आणि मला तर तिथल्या जनरेटरच्या आशेनेच जगायचं होतं. मोबाइल बंद पडले. मोटर नाही म्हणून विहिरीचं पाणी बादलीने ओढायचं. भिंतींना बुरशी, अंथरुणाला वास, भाताला वास. बार्शीच्या कोरड्या धुळीची आठवण येऊन मला अक्षरशः भरून यायचं.

आणि ट्यूब रोडावत चालली. आधी तिला एक घडी पडली, मग दुसरी, मग ती जमिनीवर सपाट झाली. आप्पांनी घराघरांतून सायकलचे पंप मागून आणले. मी आणि आप्पा आळीपाळीने हवा मारत बसलो. माझ्या तळहाताला फोड आले आणि ट्यूबची एक सुरकुतीसुद्धा गेली नाही. सायकलच्या पंपाने ट्रॅक्टरची ट्यूब भरत नाही, ही गोष्ट करून बघितल्याशिवाय आम्हा दोघांनाही पटली नव्हती. आप्पा पुन्हा तांब्यावर आले. मधूनमधून मी जाऊन त्यांचा हात हलका करायचो. मासे वर येऊन तोंडं उघडत होते. तलाठ्याने काच सोडली होती.

"मरत्यात आता," आप्पा म्हणत होते. "न्हाई वाचत." पण हात थांबत नव्हता. डोळे सुजलेले, खांदा उतरलेला. मी आत गेलो की काकी खाटेवर मागच्या भिंतीकडे तोंड फिरवून घेत. मला वाटलं, आप्पा आता त्यांच्याकडे बघायचं सोडून माशांच्याच नादी लागले. मनातल्या मनात मी त्यांच्यावर चिडलोही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी मला हाक मारली. अंगणात ते औषध फवारायचा पाठीवरचा पंप घेऊन बसले होते. भाजीवर, भातावर मारतात तोच. कल्पना अशी होती की पंपात पेटीतलंच पाणी भरायचं आणि दांडा मारून ते बारीक फवाऱ्याने पुन्हा पेटीत सोडायचं. तांब्याच्या धारेपेक्षा फवारा शंभर पटीने बरा. पंप त्यांनी राखेने घासला होता, साबणाने धुतला होता, चुलीवरचं उकळतं पाणी पुन्हा पुन्हा आतून फिरवलं होतं.

"वास येतुया का बगा."

मी नाक आत घातलं. "नाही येत."

आप्पांनी नळीतून थोडं पाणी ओंजळीत घेतलं आणि मी अरे अरे म्हणेपर्यंत चाटलं. मग पायरीवर बसून राहिले. मीही बसलो, कारण काही झालं तर ओढ्यापलीकडे त्यांना न्यायचं कसं, याचा हिशेब मला करायचा होता. बऱ्याच वेळाने ते उठले. "म्या मेलो न्हाई. म्हंजी मासं बी मरत न्हाईत."

फवारा खरंच छान पडला. पाण्याच्या अंगावर बारीक सर आल्यासारखं झालं, मासे खाली गेले, तांबड्याने तर एक पूर्ण चक्कर मारली. आप्पा दांडा मारत होते आणि हसत होते. मी त्यांना हसताना प्रथमच पाहत होतो. पुढचे दोन दात नाहीत हे मला तेव्हा कळलं. "लागलं की ओ, स्टोअर!" ते म्हणाले. एवढंच. शेवटाला काही जोडलं नाही.

दुपारी मी पुन्हा गेलो तेव्हा मासे पाण्यावर आडवे पडले होते. सगळे. आप्पा पंप खोलून बसले होते. त्यांच्या तळहातावर रबराचा एक वाशर होता.

"टाकी धुतली," ते म्हणाले. "नळी धुतली. ह्यो इसरलो. येवढ्या वर्साचं औषध मुरलंय ह्याच्यात." वाशर त्यांनी माझ्या नाकाशी धरला. त्याला वास होता. माणसाला काही होणार नाही, पण माशाला पुरेल एवढा होता.

"मीच मारली, स्टोअर."

मासे त्यांनी बांधावर खड्डा करून पुरले. ही बातमी वाडीभर झाली. वीज नाही, फोन नाही, लोकांना दुसरं काम नव्हतं. जो तो येऊन डोकावत होता. आणि प्रत्येक जण काहीतरी बोलायचं म्हणून तेच बोलत होता, "आप्पा, तुमी तर पयल्यापासनंच म्हनत व्हता." आप्पा मान खाली घालून ऐकत होते. त्यांचं ते ठरलेलं वाक्य त्या दिवशी त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नाही, आणि ते ऐकू येत नाही म्हणून मला भयंकर अस्वस्थ वाटू लागलं. आई लेकराच्या गालाला काजळाची तीट लावते, तसं आप्पा ते वाक्य प्रत्येक गोष्टीला लावत आले होते. चांगल्याला दृष्ट लागू नये म्हणून. त्या दिवशी पंप घेऊन हसताना तेवढं ते लावायचं राहून गेलं, असं त्यांच्या मनात आलं असेल का? मी विचारलं नाही.

त्यानंतर ओढा उतरला. मी कारखान्यात गेलो, जनरेटरच्या पंख्याखाली बसलो, मोबाइल चार्ज केला, बार्शीला बोललो. संध्याकाळी परत येताना पाहिलं तर समोरून आप्पांचा ट्रॅक्टर येत होता आणि मागे ती काळी ट्यूब, टम्म फुगलेली. मासे मेलेले, पेटी रिकामी, आणि हा माणूस ट्यूब भरून आणतोय. महाळुंग्याला मुलीला फोन करावा की आधी डॉक्टरला, हे मला ठरवता येईना. हातपाय न धुता मी तसाच पुढच्या खोलीत गेलो.

एरवी जेवणाच्या वेळी आप्पा ते दार लोटून घेत. काकींना भरवताना मी आजवर कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी दार उघडंच होतं. पेटी घासूनपुसून स्वच्छ केलेली, तिच्यात विहिरीचं नितळ पाणी, एकही मासा नाही. नळीच्या टोकातून बुडबुडे भराभरा वर जात होते. काकी उशीला टेकून बसवलेल्या. त्यांचं तोंड आता भिंतीकडे नव्हतं, पेटीकडे होतं. आप्पा समोर स्टुलावर, मांडीवर पेजेची वाटी.

"नवे मासे आणले?" मी विचारलं.

"न्हाई."

"मग हे…"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चमचा वाटीच्या काठावर निरपत ते म्हणाले, "ट्यूब बसल्यापासनं धड घास न्हाई पोटात तिच्या. तिला मासं कुटं दिसत्यात? नजर निम्मी गेलीय. बुडबुडं तेवढं दिसत्यात. त्ये वर जायला लागलं की बगत बसती, आन् बगती तवर तोंड उघडती. थांबलं की दात आवळून घेती. पेटी आणली त्याच दिशी मला कळलं. त्याच्या आधी डाक्टर नाकातनं नळी घालू म्हनत व्हता."

मी वळून पेटीतल्या बुडबुड्यांकडे पाहिलं.

"तांब्यानं वतलं तरी बगती," ते म्हणाले. "पन येका हातात तांब्या आन् येका हातात चमचा, कसं जमायचं? म्हून तर ट्यूब केली. फवारा केला त्यो बी त्याच्यासाठीच, दांडा मारून ठिवला की वाईच येळ आपसूक पडतुया. म्हनलं, वाईच चार घास जात्याल."

"आप्पा, सांगायचं नाही का? मी येऊन पाणी ओतलं असतं. रोज ओतलं असतं."

"तिला भरवताना कुनी बगावं, हे तिला चालायचं न्हाई," आप्पा म्हणाले. "लई मानी बाई हाय. आता बोलता येत न्हाई म्हून काय झालं?"

त्यांनी चमचा पुढे नेला. काकींनी तोंड उघडलं, घास गेला आणि लगेच ठसका लागला. आप्पांनी वाटी खाली ठेवून त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, हनुवटीवरची पेज स्वतःच्या धोतराच्या सोग्याने टिपली. खोलीत अंधारून यायला लागलं होतं. मग काकींकडे बघून, जणू त्यांची परवानगी मागावी तसं, म्हणाले, "आपला स्टोअर हाय गं. घरातलाच हाय."

आणि मला म्हणाले, "ट्यूब नवी भरलीय, हवा जोरात येतीया. ती बुडबुड्याच्या येगानं खाती, म्हून ठसका लागतुया. वाईच त्ये चाक धरा."

मी पेटीजवळ जमिनीवर बसलो आणि नळीचं चाक बोटात धरलं.

"आनिक बारीक," आप्पा म्हणाले. "आनिक. हां."

एक बुडबुडा सुटला. तो वर जाईपर्यंत काकी त्याच्याकडे बघत राहिल्या, आणि त्यांनी तोंड उघडलं.